हिलालनानांचा नंबर

हिलालनाना लग्नाच्या पंगतीत बसले की वाढप्यांची धांदल उडायची. वाढपी बिचारा नेहमीच्या रिवाजाने मंडपाच्या तोंडाशी, व्याही-जावयांपासून बुंदी वाढायला सुरुवात करायचा आणि मधल्याच रांगेतून आवाज यायचा, "ए भाऊ, आधी टेलला जा. टेलला!" वाढप्याला वाटायचं, टेल नावाचे कुणी बडे पाहुणे आलेत. तो बावचळून इकडेतिकडे बघायला लागला की नाना स्वतः उठायचे, त्याचा दंड धरायचे आणि त्याला पार शेवटच्या पानापाशी, जिथे बँडवाले आणि ड्रायव्हर बसलेले असत, तिथे नेऊन उभा करायचे. "इथून सुरू कर आणि वर ये. वरच्यांची काळजी करू नको. वरच्यांना आजवर कधी कमी पडलेलं नाही." एकदा एका नवऱ्या मुलाच्या मामाने यावरून रुसवा धरला होता. नानांनी त्यालाही बुंदी वाढली, पण सगळ्यांत शेवटी.

नाना पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी धुळे जिल्ह्यात. धरणाचं पाणी कालव्यातून चाऱ्यांमध्ये आणि चाऱ्यांमधून शेतात पोचवायचं, कुणाचा नंबर कधी ते ठरवायचं, चोरी पकडायची, भांडणं मिटवायची, असं ते काम. कालव्याचं तोंड म्हणजे हेड आणि शेपूट म्हणजे टेल. हेडवाल्याच्या बांधावरूनच पाणी जात असल्याने तो आधी हात धुऊन घेतो आणि टेलवाल्यापर्यंत पोचतो तो नुसता ओलावा. म्हणून आधी टेलला पाणी द्यायचं आणि मग एकेक शेत करत हेडकडे यायचं, असा नियम असतो. कागदावर तो सगळीकडेच असतो. नानांच्या कालव्यावर तो खरोखर होता आणि नोकरीतून उतरल्यावर तो नानांच्या अंगातच राहिला.

माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली. निवृत्तीनंतर ते धाकट्या मुलाकडे जळगावला, मेहरूणला आमच्या सोसायटीत राहायला आले. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे जळगावकराला सांगायला नको. आलं की जो तो मोटर लावतो. आमचं घर गेटजवळ, म्हणजे अगदी हेडला. माझी टाकी भरून वाहायची तेव्हा मागच्या ओळीतल्या बायका बादल्या घेऊन ताटकळत असायच्या, आणि हे मला दिसत असूनही मी शाळेत जायच्या घाईत असायची. नाना आले आणि आठवड्याभरात एका सकाळी माझ्या मोटरचं बटण दाबलं तर टाकीत थेंब नाही. बाहेर येऊन बघते तर व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून एक बुटके, काळेसावळे, कानावर केस असलेले गृहस्थ पेपर वाचत बसलेले.

"काका, पाणी तुम्ही बंद केलंत?"

"हो. मागचे भरले की तुम्हाला सोडतो."

"मला शाळेत जायचंय. सात वाजता पहिला तास असतो माझा."

"कोणता विषय?"

"रसायनशास्त्र."

"मग पाण्याचं सूत्र तुम्हाला येत असेल," असं म्हणून त्यांनी पेपरचं पान उलटलं.

मी संतापून काय काय बोलले ते आठवत नाही. मागची शेवटची टाकी भरल्याची हाक आली तसे ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले आणि व्हॉल्व्ह फिरवला. त्या दिवशी मी शाळेत उशिरा पोचले आणि पुढच्या रविवारी त्यांच्या घरी कढी-फुनके खायला गेले. त्यांच्या बायकोने, गोदाक्कांनी, मला दारातच विचारलं, "तुमचंही तोडलं का पानी? या मग. आपली दोघींची जात एकच."

गोदाक्कांचं पाणी कसं तोडलं गेलं, तो किस्सा त्या स्वतःच रंगवून सांगायच्या आणि नाना शेजारी बसून खाली बघत ऐकायचे. गोदाक्कांचं माहेर नानांच्याच कालव्यावर होतं. एकदा त्यांच्या सख्ख्या भावाने कांद्यासाठी पहाटे कालव्याच्या भरावावरून पाइप टाकून नंबर नसताना पाणी ओढलं. नानांनी पकडलं आणि मेव्हण्याचा पुढचा नंबर कापला. घरात आकांत झाला. सासूबाई येऊन उंबऱ्यावर बसल्या, गोदाक्का माहेरी निघून गेल्या. नाना हलले नाहीत. "आज मेव्हण्याचा नाही कापला तर उद्या कुणाचा कापू?" एवढंच म्हणाले. कांदा पोसलाच नाही. काही दिवसांनी गोदाक्का परत आल्या त्या माहेरच्या कांद्याचं एक पोतं घेऊनच. सुपारीएवढे कांदे.

"वर्षभर त्येच घालत होती मी भाजीत," गोदाक्का सांगायच्या. "एक शब्द बोलली नही. यांनीबी एक शब्द न बोलता खाल्लं."

"सोलायलाही मीच बसायचो," नाना हळूच भर घालायचे.

मेहरूण तलावाच्या काठाने सकाळी फिरणारा आमचा एक गट आहे. नाना त्यात आले आणि आमचं फिरणं लांबलं, कारण त्यांची तलावाची तपासणी असायची. सांडव्यापाशी थांबून काठीने कचरा बाजूला करायचा, पाण्याची पातळी दगडावरच्या रेषेवरून बघायची, मग पुढे. चालताना ते कायम सगळ्यांच्या मागे. दम लागायचा म्हणून नव्हे. शेवटचं माणूस कोण आहे, हे त्यांना माहीत असावं लागायचं. आणि अशाच एका सकाळी बंधाऱ्यावर बसलेलो असताना गटातल्या कुणीतरी मोबाईलवर काश्मीरमधल्या पदयात्रेचं चित्रण दाखवलं. उंच डोंगरात, झाडं उगवायची थांबतात त्याच्याही वर, निळी-हिरवी तळी. एकाच्या खाली दुसरं, दुसऱ्याच्या खाली तिसरं, मधून पांढरा प्रवाह. बाकीच्यांनी वा वा केलं आणि फोन पुढे सरकवला. नानांनी तो पुढे जाऊ दिला नाही.

"हे कोणत्या प्रकल्पाचे बंधारे?"

"बंधारे नाहीत नाना. बर्फाने कोरलेली तळी आहेत. आपोआप झालेली."

"सांडवा कुठंय?"

"नसतो."

"गेट?"

"तेही नसतं."

"मग पाणी सोडतं कोण?"

नानांनी ते चित्रण पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. मग फोन परत देत, आपल्याशीच बोलावं तसं आपल्या अहिराणी बोलीत म्हणाले, "जठे कोनाच नंबर नही, असं पानी मले एकदाव देखनं शे."

मला ते वाक्य लागलं, कारण तोवर मला त्यांच्या घरचं थोडं कळलं होतं. नानांच्या वडिलांचं शेत एका चारीच्या अगदी टेलला होतं. त्या शेताला नंबर होता, पण नंबराच्या दिवशी पाणी पोचायचं नाही. वडील फावडं घेऊन कोरड्या चारीत बसायचे, लहानगे नाना त्यांच्या शेजारी, आणि दिवस मावळला की दोघं फावडं न भिजवता घरी यायचे. पुढे नाना खात्यात लागले, वाटणीत शेत थोरल्या भावाकडे गेलं. हजारो लोकांना त्यांनी नंबर वाटले. त्यांच्या स्वतःच्या नावावर पाण्याचा एक नंबर कधी लागला नाही. हे ते तक्रार म्हणून सांगत नसत. एखाद्याने आपल्याला पोहता येत नाही म्हणावं, तितक्या सहज सांगायचे.

तर आमचं जायचं ठरलं. गटातले आम्ही सातजण आणि नाना. त्यांच्या मुलाने आधी कडाडून विरोध केला. सत्तरीला आलेला माणूस, उजवा गुडघा कुरकुरणारा. पण नानांनी तयारी अशी केली की बोलायला जागा ठेवली नाही. रोज तलावाला दोन फेऱ्या, रविवारी आम्हाला घेऊन यावलच्या पुढे सातपुड्यात मनुदेवीच्या वरच्या टेकड्या. डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं, पण बजावलंही, की यंदा जमेल, पुढच्या वर्षाचं मी सांगत नाही. हे नानांनीच आम्हाला सांगितलं. आयोजकांनी पाठवलेला नकाशा त्यांनी पाठ केला होता. तळ्यांची नावं मात्र त्यांच्या तोंडी कधी बसली नाहीत. पहिलं तळं, दुसरं तळं, आणि शेवटच्या खिंडीपलीकडचं सगळ्यांत मोठं ते टेलचं तळं. "मला ते बघायचंय," ते म्हणायचे. "कालवा बघायचा तर टेलला जाऊन बघावा. हेडला काय, सगळं छानच असतं."

निघताना गोदाक्कांनी मला बाजूला घेतलं. "यांना मागं राहू देऊ नका. शेवटच्या मानसासाठी थांबतील आन् गाडी सुटून जाईल." त्यांच्या हातात कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाची पिशवी होती. डोळ्यांत पाणी होतं, पण ते नानांना दिसू नये म्हणून त्या पिशवीची गाठ सोडत-बांधत होत्या.

सोनमर्गच्या पुढे पायवाट सुरू झाली आणि नानांचा टेल नियमही सुरू झाला. आमचा म्होरक्या आदिल नावाचा तिशीचा काश्मिरी तरुण होता, शिस्तीचा कडक. मुक्कामी पोचल्यावर जो आधी येईल त्याला आधी चहा, अशी तिथली पद्धत. नानांनी पहिल्याच संध्याकाळी किटलीवर हात ठेवला. शेवटचं माणूस येईपर्यंत चहा ओतायचा नाही, आणि आल्यावर पहिला कप त्यालाच. आम्ही पुढे पळणारे थंडीत हात चोळत चरफडायचो. शेवटून येणाऱ्या आमच्या गटातल्या वैशालीताई मात्र, वजनाने भारी आणि चालीने मंद, दुसऱ्या दिवसापासून हसत चढायला लागल्या. वर आपली वाट बघत चहा थांबलाय, हे माहीत असलं की पाय उचलतात म्हणे. आदिलने दोन दिवस हे बघितलं आणि तिसऱ्या दिवशी किटलीवर आपणच हात ठेवला.

पहिलं तळं दिसलं तेव्हा आम्ही सगळे फोटो काढायला धावलो. नाना काठाकाठाने चालत दुसऱ्या टोकाला गेले. बऱ्याच वेळाने परत आले तेव्हा चेहरा गोंधळलेला.

"मिळाला का सांडवा?" मी चिडवलं.

"आहे. मोठमोठे दगड आहेत, त्यांच्यावरून पाणी जातं. कुणी रचलेले नाहीत." मग खाली बसून त्यांनी बूट काढले, पाय पाण्यात घातले आणि गारठ्याने ओरडून लगेच बाहेर काढले. "एवढं पाणी आणि काठावर एकसुद्धा भांडण नाही! माझा विश्वास बसत नाही हो बाई."

घोडेवाल्या बशीरभाईंशी त्यांची लगेच गट्टी जमली. बशीरभाई खालच्या नदीकाठच्या गावाचे, पन्नाशीचे, दाढीला मेंदी लावणारे. नानांचं हिंदी अस्सल धुळ्याचं. "बशीरभाई, तुम्हारे गाव में नहर का पानी कैसा पडता है?" असं ते विचारायचे आणि दोघं घोड्यांच्या मागे बोलत बोलत यायचे. बशीरभाईंच्या गावात पाटाला कूल म्हणतात, त्यांच्या मक्याचा तुकडा कुलीच्या शेवटी आहे आणि वरचे लोक पाणी आधी घेतात, ही सगळी बातमी नाना रात्रीच्या जेवणात आम्हाला द्यायचे. तळ्यांच्या देखाव्यावर ते इतकं बोलले नाहीत.

शेवटच्या खिंडीच्या अलीकडचा मुक्काम एका ओढ्याकाठी होता. संध्याकाळी तो ओढा असा धो धो वाहत होता की घोडेसुद्धा पाय टाकायला कां-कूं करत होते. दुसऱ्या दिवशी उजाडताच खिंड चढायची आणि पलीकडे टेलचं तळं. झोपायला जाताना नाना मला म्हणाले, "उद्या दिसेल." बस्स, एवढंच.

सकाळी चहाच्या वेळी नाना तंबूत नव्हते. आधी वाटलं, झाडाझुडपाआड गेले असतील. पण त्या उंचीवर झाडझुडूप नव्हतंच, आडोशाला कितीसं लांब जाणार? हाका मारल्या, उत्तर नाही. आदिलचा चेहरा उतरला. मुक्काम सोडून एकट्याने कुठेही जायचं नाही, हा त्याचा पहिला नियम होता आणि तो त्याने रोज सकाळी सगळ्यांकडून वदवून घेतला होता. वर ढग जमायला लागले होते. खिंड ढगात जाण्याआधी पार करायची असते. आम्ही बूट चढवून तयार उभे, आणि पार करायला ज्याची सर्वांत जास्त घाई तोच माणूस गायब. वैशालीताई रडायलाच लागल्या. मला गोदाक्कांची ती पिशवीची गाठ आठवली.

तेवढ्यात बशीरभाई म्हणाले की झुंजुमुंजू असताना त्यांनी चाचांना, म्हणजे नानांना, ओढ्याच्या कडेने वर जाताना पाहिलं होतं. चाचा काठी आपटत, मोठ्याने बोलत चालले होते. रागावल्यासारखे. आम्ही सगळ्यांनी ओढ्याकडे पाहिलं. रात्री धो धो वाहणाऱ्या त्या ओढ्यात दगडांच्या फटीतून जेमतेम करंगळीएवढी धार चालली होती.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पहाटे उठलेल्या नानांनी हे बघितलं असणार. रात्री भरून वाहणारं पाणी सकाळी गायब, याचा अर्थ कालव्यावर जन्म काढलेल्या माणसाला एकच ठाऊक. वर कुणीतरी पाणी फोडलंय. हिलालनाना साडेअकरा-बारा हजार फुटांवर, बर्फाच्या पायथ्याशी, पाणीचोर पकडायला गेले होते.

आदिल, बशीरभाई आणि मी ओढ्याच्या कडेने वर निघालो. दगडांचा चढ, श्वास फुलत होता, आणि मी मनातल्या मनात नानांना जे सापडेल ते बोलून घेत होते. बऱ्याच चढानंतर एक खोलगट जागा लागली. तिथे एक लहानसं तळं होतं, कुणाच्या नकाशात नसलेलं, अर्ध्यावर बर्फ. बर्फाची जाड जीभ वरच्या कड्यावरून थेट पाण्यात उतरलेली. आणि काठावरच्या एका दगडावर नाना बसलेले, काठी आडवी मांडीवर घेऊन. आम्हाला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

ऊन नुकतंच बर्फाच्या टोकावर पोचलं होतं. टोकाखालून एक थेंब पडला. मग दुसरा. बघता बघता थेंबांची धार झाली, शेजारी आणखी एक, आणि कुठून तरी आतून खळखळ ऐकू यायला लागली.

"आठे कोनीच नही," नाना म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "मी चोर धुंडाले उनू. आठे कोनीच नही. ऊन सोडस पानी. ऊन गये का बंद, ऊन उनं का चालू."

मी त्यांना तिथेच झापलं. "नाना, अहो खाली आमचा जीव टांगणीला लागलाय! वैशालीताई रडतायत!" त्यांनी एकदम दचकून माझ्याकडे बघितलं, जणू आत्ता कुठे त्यांना कळलं की आपण मुक्काम सोडून आलोत. उठताना त्यांचा गुडघा लचकला, बशीरभाईंनी खांदा दिला.

खाली आलो तोवर खिंड ढगात गेली होती. दिवस वाया गेला. आदिल आम्हा सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला की उद्या खिंडीतून तो बाकी सगळ्यांना नेईल, नानांना नेणार नाही. मुक्काम सोडणाऱ्याला वर न्यायचं नाही, हा नियम आहे आणि तो आजवर त्याने मोडलेला नाही. बशीरभाईंच्या घोड्यासोबत नानांनी खालच्या वाटेने गावात उतरावं. दोन दिवसांनी आम्ही तळ्यावरून त्याच गावात उतरू.

आम्ही सगळे आदिलवर तुटून पडलो. वैशालीताई म्हणाल्या, मीही जात नाही मग. मी म्हटलं, या माणसाला पुढच्या वर्षी डॉक्टर सोडणार नाहीत, त्याचं सगळं मन त्या एका तळ्यात आहे, तुला काही वाटतं की नाही? आदिलला वाटत होतं. त्याचे डोळे सांगत होते. तो नानांकडे बघायला तयार नव्हता.

"बाई," नाना म्हणाले, "थांबा. तो बरोबर बोलतोय."

"नाना, तुम्ही मधे पडू नका."

"मी मेव्हण्याचं कापलं. त्याचा कांदा वाळला, तरी कापलं. आज माझं कापायची वेळ आली तर मी रडू?" मग आदिलच्या पाठीवर हात ठेवून धुळ्याच्या हिंदीत म्हणाले, "बेटा, तू सही है. मेरा नंबर काट दे. पक्का काट दे."

आणि आदिल, तो कडक शिस्तीचा मुलगा, तोंड फिरवून घोड्यांकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर निघालो आणि नाना खाली. वळणावर मी मागे पाहिलं. ते घोड्यावर बसले नव्हते. घोड्याच्या मागे, लंगडत, हातात काठी घेऊन चालले होते. त्या दोघांत आणि एका घोड्यात शेवटचा नंबर त्यांनी स्वतःकडे घेतला होता. मला रडू आलं आणि आदिलचा राग आला, आणि तो राग खिंड चढेपर्यंत मला उपयोगी पडला.

टेलचं तळं मी पाहिलं. त्याचं वर्णन मी करणार नाही. त्या काठावर आमच्यापैकी कुणीच धड फोटो काढले नाहीत. संध्याकाळी चहा आला तेव्हा वैशालीताईंनी सवयीने मागे वळून पाहिलं, शेवटचं कोण राहिलंय म्हणून.

नाना जाऊन आता दोन पावसाळे झाले. शेवटचे काही महिने ते थोरल्या मुलाकडे धुळ्याला होते, मी भेटायला गेले तेव्हा झोपलेले होते आणि मी त्यांना उठवलं नाही. त्याआधी मेहरूणच्या काठावर, सोसायटीच्या व्हॉल्व्हपाशी, काश्मीरहून परतताना भुसावळच्या फलाटावर, असं त्यांना कितीतरी वेळा पाहिलं. पण नाना म्हटलं की मला त्यातलं काहीच दिसत नाही. मला दिसतात ते आम्ही त्या नदीकाठच्या गावात उतरलो तेव्हाचे.

दुपार होती. बशीरभाईंच्या घरी त्यांच्या म्हाताऱ्या आईने हाताने मागे दाखवलं. आम्ही घराला वळसा घालून गेलो. कमरेएवढ्या मक्याचा एक चिंचोळा तुकडा, त्याच्या कडेने जाणारी अरुंद कूल, आणि तिच्या पार शेवटी नाना. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, उजव्या गुडघ्याला कुणाची तरी लोकरी शाल बांधलेली, पायात काही नाही, हातात फावडं. बशीरभाई बांधावर हुक्का ओढत बसले होते, स्वतःच्या शेतात पाहुणा असल्यासारखे.

"नाना!" मी ओरडले.

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. नजर कुलीत. कूल अजून कोरडी होती.

"थांबा वं बाई," ते म्हणाले. "पानी ई राहिनं. बशीरभाईनी माय बोलनी, आज तुम्ही धरा." आणि मग, माझ्याकडे न बघता, वर केलेला हात स्वतःच्या छातीवर ठेवत, "आज मना नंबर शे."

वरच्या वळणावर पाण्याचं तोंड दिसलं. फेस आणि वाळकी पानं पुढे ढकलत ते सावकाश, मातीत जिरत, पुन्हा भरत येत होतं. काल सकाळी ज्या तळ्याकाठी आम्ही चूळ भरली होती, त्याचंच ते पाणी. हे मी त्यांना सांगणार, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "कसं व्हतं वं तळं?"

मी तोंड उघडलं. पण पाणी त्यांच्या पायाशी पोचलं होतं आणि नाना फावडं घेऊन खाली वाकले.